अर्धवट वाकळ आणि एक हिरवा पोपट: रोजच्या कामात कला कुठून येते?

निळी_शाई

गेल्या महिन्यात तासगावकडे आमच्या गावी जाऊन आले. आत्या आता ७८ वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली तरी सुईत दोरा ओवता येत नाही म्हणाली. मग वहिनीला माळ्यावर चढवलं, एक गाठोडं खाली काढायला लावलं आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "हे तू घेऊन जा." आत अर्धी शिवलेली वाकळ. सुई अजून दोऱ्यासकट टोचलेली. गंजून तिचा तांबडा ठिपका कापडावर उमटलाय.

सांगली-कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात. खाली एक जुनं नऊवारी, वर एक, मध्ये आजोबांची धोतरं, विरलेली चादर, काकांचे शाळेतले सदरे. काठापासून धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन करत आत यायचं. आत्याचे टाके ज्वारीच्या दाण्याएवढे. मी वीतभर जागेत मोजले, २६ भरले.

आणि एक पोपट आहे. पोपटी खणाचा कापलेला, लाल चोचीचा. तो मधोमध नाही, कोपऱ्यातही नाही. उजव्या काठापासून हातभर आत, एकटाच. त्याला जोडीदार नाही, भोवती वेलबुट्टी नाही. अंगावर घ्यायच्या वाकळेवर, जी दिवसभर घडी घालून फडताळात राहणार, तिच्यावर हा पोपट कुणासाठी बसवला असेल?

मी पुण्यात विम्याचे दावे तपासायचं काम करते. सकाळी आठला निघते, रात्री आठला परत. दिवसभरात माझ्या हातून असा एक तरी पोपट बसतो का, हे मी गेला महिनाभर स्वतःला विचारतेय.

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या रोजच्या कामात, घरात, आसपास, कुणी न सांगता कुणीतरी मन घालून काहीतरी सुंदर करतं, असं तुम्ही पाहिलंय का? आणि ही वाकळ मी पूर्ण करावी, की आत्याची सुई जिथे थांबली तिथेच राहू द्यावी?

चुलीपाशी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. खानदेशातले मांडे करताना कुणी पाहिलेत का? चुलीवर खापर पालथं घातलेलं असतं. गव्हाचं पीठ इतकं मळलेलं, की गोळा हातावर घेतला की आपोआप खाली ओघळायला लागतो. पोळपाट नाही, लाटणं नाही. माझी मावशी दोन्ही हातांवर तो गोळा झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवायची आणि एका झोकात खापरावर टाकायची. आरपार दिसेल इतका पातळ, आणि कुठे भोक नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी बायका हे बघायला जमायच्या. मांडे करणारीला मान असायचा, तिच्यासाठी चहा आधी यायचा. म्हणजे ही कला आहे हे लोकांना ठाऊक होतं. फक्त तो शब्द कुणी वापरत नव्हतं.

कट्टेकर

आमची लेक आठ वर्षांची. रविवारी तिला एक पोळी लाटायला मिळते. गोल कधीच येत नाही. मग आम्ही चौघं बसून ठरवतो की आज कुठला तालुका झालाय. गेल्या रविवारी हुबेहूब खटाव होता. आता ती मुद्दाम नकाशा बघून लाटते आणि आम्हाला ओळखायला लावते. माणचा पूर्वेकडचा भाग तिने परवा बोटाने ओढून नीट केला!

निळी_शाई

कट्टेकर, हा माझ्या मते अस्सल पोपट आहे :) तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

आडवाट

मला थोडं वेगळं बोलायचंय, आणि मनापासून बोलायचंय.

माझ्या आईने पंधरा वर्षं पहाटे चारला उठून दळलं, सारवलं, भाकऱ्या थापल्या, मग रोजगाराला गेली. तिच्या भाकरीचा पापुद्रा कसा सुटायचा याचं कौतुक आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा करायचा. जेवून हात धुऊन निघून जायचा. तिला बसून जेवायला मिळालं का, हे कुणी विचारलं नाही. तेव्हापासून घरकामाला कला म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. वाटतं, मोबदला द्यायचा नाही, सुट्टी द्यायची नाही, म्हणून हा गोड शब्द पुढे केलाय.

निळी_शाई, तुझ्या आत्याचा पोपट सुंदरच असणार. पण वाकळ शिवायची वेळ का आली तेही बघ. रजई विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून.

चुलीपाशी

आडवाट, पटलं. मावशीला मान होता तो लग्नाच्या दिवसापुरता, हे मी लिहायला हवं होतं.

ओवीशोध

आडवाटच्या मुद्द्यावर माझ्याकडे पुरावा आहे, आणि तो दोन्हीकडे बोट दाखवतो.

जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं फार मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून, गावातल्याच बायकांना सोबत घेऊन केलं. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आता त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर वाचायला आणि ऐकायला मिळतात. मी गेली तीन वर्षं रोज रात्री दोन-चार ऐकते.

त्यात काय आहे? विठ्ठल आहे, भाऊ आहे, माहेरची वाट आहे. पण सासुरवासही आहे, मुलीच्या जन्माचं दुःख आहे, दारुड्या नवऱ्याचा त्रास आहे, बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. पहाटेच्या अंधारात, दोघीच असताना, जात्याच्या घरघरीत जे मोठ्याने बोलता येत होतं ते दिवसा अंगणात बोलता येत नव्हतं. आडवाट म्हणते ती तक्रार या ओव्यांच्या बाहेर नाही, ओव्यांतच आहे. कष्ट गोड करायला ओवी म्हटली, हे अर्धंच खरं. कष्टांबद्दल बोलायलाही ती म्हटली.

आणि हे सगळं हाताच्या लयीवर. खुंटा एकदा ओढला की एक वेढा, त्या वेढ्यात ओळ बसलीच पाहिजे. गावात पिठाची गिरणी आली, मनगटं सुटली, आणि हळूहळू ओवीही सुटली. त्यावर मी हळहळावं की नाही, मला ठरवता येत नाही. ज्या आजींकडून मी ओव्या ऐकल्या त्यांच्यातल्या एकीने सांगितलं, "गिरणी आली त्या दिवशी मी पेढे वाटले." आणि लगेच पुढची ओवी म्हणायला लागली.

बहिणाबाई चौधरींचंही तेच. लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात काम करताना रचलं, घरच्यांनी लिहून ठेवलं म्हणून टिकलं. १९५१ साली त्या गेल्या आणि गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ साली. ज्यांच्या घरात लिहून घेणारं कुणी नव्हतं अशा किती असतील?

आडवाट

'पेढे वाटले आणि ओवी म्हणायला लागली'. ओवीशोध, हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, "मग? दोन्ही खरंच की."

बांधावरून

बायकांच्या कामाबद्दल खूप आलं, म्हणून शेतातलं सांगतो. मी परभणीकडचा.

आमचे आजोबा तिफणीवर पेरायचे. तिफणीला वर लाकडी वाटीसारखं चाडं असतं, त्यातून तीन नळ्या खाली फणांपर्यंत जातात. चाड्यावर मूठ धरायची म्हणजे मुठीतलं बी बोटांच्या फटीतून सारखं सोडत राहायचं. बैलं चालतायत, पायाखाली ढेकळं आहेत, वर ढग भरून आलेत, आणि मुठीतून पडणारं बी मात्र एकसारखं. जास्त पडलं तर दाटण होते, कमी पडलं तर नांगे, म्हणजे मधे मोकळ्या जागा, पडतात. हे शिकायला वर्षं जातात. पेरा कसा झाला ते दहा-बारा दिवसांनी उगवल्यावर दिसतं, तोवर काही कळत नाही.

आता यातला पोपट कुठला? तो सरळ तासाचा. तास थोडं वाकडं गेलं तरी पीक येतंच, उतारा फारसा घटत नाही. तरी आजोबा समोरच्या धुऱ्यावरचं बाभळीचं झाड धरून तिफण चालवायचे, नजर हलू द्यायचे नाहीत. उगवण झाली की शेजारचे चार जण बांधावर येऊन उभे राहायचे. कुणी बोलायचं नाही. तंबाखू मळायचे आणि बघायचे. मी लहान होतो, मला वाटायचं हे काय बघतायत, नुसत्या हिरव्या रेघा तर आहेत.

कडब्याची वळई रचणारेही असेच. पावसाचं पाणी आत न जाता वरून निथळलं पाहिजे, म्हणून पेंढ्यांचा उतार साधायचा. आमच्या गावात एक जण होता, त्याने रचलेली वळई लांबून ओळखू यायची. तिची शेवटची कड अशी यायची की जणू विळ्याने तासली. आता पेरणी ट्रॅक्टरने होते. मीही ट्रॅक्टरनेच करतो, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण सरळ तास दिसलं की अजून गाडी थांबवतो.

कट्टेकर

"तंबाखू मळायचे आणि बघायचे." इतकं शांत प्रदर्शन दुसरं नसेल.

माटवी

मी दोडामार्गचा, आजोळ पेडण्याला. चवथीत गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात ती आमच्याकडे माटवी, गोव्यात माटोळी. तिला रानातली फळं, फुलं, वेली, पानं बांधायची. नारळ, सुपारीचे घड, तवशी (काकड्या), ही घरची. पण खरी शोभा रानाची: कवंडळ, कांगलं, 'हरणं' नावाची रानवनस्पती, शेरवडाची पांढरी पानं.

कला कुठे असते ते मी मामाकडे बघून शिकलो. चवथीच्या दोन दिवस आधी तो पहाटे कोयती घेऊन रानात जायचा. मला बरोबर घ्यायचा, आणि अट एकच: कुठल्या झाडाचं काय, ते विचारायचं नाही, बघून लक्षात ठेवायचं. कवंडळ गडद लाल. ते एका ठिकाणी सगळं बांधलं तर बाकीचं दिसत नाही, म्हणून लांब लांब. नारळ जड, ते चारी बाजूंना सारखे, नाहीतर चौकट कलते. शेरवड पटकन सुकतो, तो शेवटी, पहाटे. मामा बांधता बांधता चार पावलं मागे जायचा, दारात उभा राहून बघायचा, परत यायचा आणि एखादी सुपारी फक्त बोटभर सरकवायचा. मामी म्हणायची, "अरे, देवाक दिसता सगळा, तू कित्याक धावतंस?" तो तरी सरकवायचाच.

गोव्यात सरकारचं कला आणि संस्कृती खातं माटोळीच्या स्पर्धा घेतं. त्यातल्या काही माटोळ्या मी जाऊन पाहिल्यात. रानफळांतूनच देवाचं, पक्ष्याचं चित्र उभं केलेलं असतं, थक्क व्हायला होतं. माझी एक काळजी मात्र आहे. बक्षिसासाठी जितकी जास्त जातीची फळं तितकं बरं, असं झालं की रानातून ओरबाडणं वाढतं. मामा एका वेलीवरचं सगळं कधी काढायचा नाही. अर्धं वेलीवरच ठेवायचा.

विसर्जनानंतर ते सगळं सोडून द्यायचं. अकरा दिवसांत सुकून जातं. फोटो काढायची पद्धतच नव्हती.

रात्रपाळी

मी इथे वाचतच असते, आज पहिल्यांदा लिहितेय. लहान मुलांच्या वॉर्डमध्ये परिचारिका आहे. दोन मुलं, सासू अंथरुणाला. निळी_शाईचा आठ ते आठचा दिवस वाचला म्हणून धीर करून लिहिते. तुम्ही सांगताय ते सगळं सुंदर आहे, पण मामाला दोन दिवस रानात जायला होते. आजोबांना बघायला बांध होता. ज्याच्याकडे पाच मिनिटं नाहीत त्याने काय करायचं?

आडवाट

रात्रपाळी, तुझा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात खरा प्रश्न आहे. मला वाटतं 'वेळ काढा' असं सांगणाऱ्यांनी आधी तुझं एखादं काम उचलावं. घरात दुसरा कुणी धडधाकट माणूस असेल तर आठवड्यातला एक दिवस सासूबाईंचं सगळं त्याने बघायचं. त्या दिवशी तू काही सुंदर केलंच पाहिजे असं नाही. झोपलीस तरी चालेल.

फलकवाला

रात्रपाळी, एक विचारतो. वॉर्डमध्ये तुम्ही असं काही करता का, जे तुमच्या कामाच्या यादीत लिहिलेलं नाही?

रात्रपाळी

...सलाईन लावल्यावर मुलांच्या हातावर पट्टी चिकटवतो, तिच्यावर मी पेनाने काहीतरी काढते. मांजर, होडी, एसटी. एका मुलाने ट्रॅक्टर मागितला होता, तो मी आधी घरी कागदावर काढून बघितला. पट्टी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बदलावी लागते, तेव्हा मुलं विचारतात, आता काय काढणार. त्यामुळे सुई बघून रडणं थोडं कमी होतं.

हे मी कधी धरलंच नव्हतं.

बांधावरून

ताई, ट्रॅक्टर आधी कागदावर काढून बघितला, हे वाचून डोळे भरले. हेच ते बाभळीचं झाड.

फलकवाला

मी हेच ऐकायला विचारलं होतं. आता माझं सांगतो. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, १९८८ पासून. आधी चुन्यात बुडवलेली दोरी ताणून रेघ मारायची, मग खडूने अक्षरं बांधायची, मग ऑइल पेंट. मराठी अक्षरात मजा असते ती शिरोरेघेच्या खाली किती जागा ठेवायची यात. 'किराणा व भुसार' लिहायचं तर 'कि'ची वेलांटी आणि 'र्‍हस्व उ' दोन्ही सांभाळावे लागतात. वर जागा हवी, खालीही हवी, आणि पाटी तर मोजकीच. गिऱ्हाईक विचारायचं, "इतका वेळ का?" त्याला काय सांगणार, की 'भु'चा उकार खालच्या चौकटीला टेकतोय.

फ्लेक्स आले आणि काम गेलं. आता मी एका प्रेसमध्ये संगणकावर लग्नपत्रिका लावतो. पहिली दोन वर्षं मन लागलं नाही. मग लक्षात आलं की अक्षरांमधली जागा इथेही हाताने सरकवता येते. मालक म्हणतो, आपोआप बसतं की, कशाला हात लावतोस. मी लावतो. पत्रिकेवर 'चि. सौ. कां.'मधल्या टिंबांची अंतरं सारखी आहेत का, हे वऱ्हाडातलं कुणी बघत नाही. परवा एक म्हातारे गृहस्थ पत्रिका न्यायला आले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बसलीय छान." मला आठवडाभर पुरलं.

ओवीशोध

'बसलीय छान'. यापेक्षा मोठी दाद मराठीत आहे का?

गेरू_आणि_तांदूळ

कौतुक कुणाचं होतं आणि नाव कुणाचं राहतं, यावर एक भर घालते. मी डहाणूकडची.

आज वारली चित्रं साड्यांवर, कपांवर, बंगल्यांच्या भिंतींवर दिसतात. मूळची ती लग्नघरातली. गेरू किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, बांबूची काडी कुंचल्यासारखी ठेचून. लग्नचौक लिहायचा तो सवाशिणींनी, मध्ये पालघट देवी. आणि हो, आमच्याकडे चित्र 'काढत' नाहीत, 'लिहितात'. धवलेरी गाणं म्हणते आणि लग्न लावते, तीही बाईच. लग्न झालं, पुढे पावसाळ्यात भिंत सारवली, की चित्र गेलं.

मग जिव्या सोमा मशे यांनी लग्नाशिवायही, रोज, कागदावर-कापडावर काढायला घेतलं. जाळं, मुंग्या, शेत, गोष्टी. त्यांचा हात असामान्य होता, २०११ साली पद्मश्री मिळाली ती त्यांच्या कामाला साजेशीच. २०१८ साली ते गेले. त्यांच्यामुळे आमच्या पाड्यांवरच्या किती घरांत चूल पेटली, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यांच्या आधी शेकडो वर्षं ज्या सवाशिणींनी चौक लिहिले त्यांतल्या एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. आडवाटचं म्हणणं मला इथे पटतं. नुसतं 'कला' म्हणून भागत नाही, नाव लिहायला हवं. निळी_शाई, तुझ्या वाकळेच्या कोपऱ्यात आत्याचं नाव शिव.

परदेशी_उंबरठा

मँचेस्टरहून लिहितेय. आईचं चैत्रांगण आठवलं. चैत्रगौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर दारात शंख, चक्र, गदा, पद्म, कासव, गोपद्मं, सूर्य-चंद्र, पाळण्यातली गौर. शिरगोळ्याची पांढरी रांगोळी दोन बोटांच्या चिमटीतून अशी सोडायची की रेघ दोऱ्यासारखी यायची.

इथे दारात पाऊस टिकूच देत नाही. म्हणून मी पोळपाटावर काढते आणि खिडकीत आत ठेवते. शेजारच्या बाई रोज कुत्र्याला फिरवताना बघून जातात. मागच्या वर्षी मी चार दिवस भारतात होते, परत आले तर त्यांनी आवर्जून विचारलं, कासव कुठे गेलं?

कट्टेकर

कासव मँचेस्टरला प्रसिद्ध झालं! लेकीला सांगतो, पुढची पोळी कासवाची.

सीमेवरचा

वाकळेवरून आठवलं. उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळच्या जंगलात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी कित्येक जण सुटून जंगलात गेले, यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज ते. त्यांच्या बायका जुन्या कापडांची गोधडी शिवतात, कवंदी म्हणतात तिला. काठापासून आत आत, तुमच्या आत्यांसारखीच. आणि चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाचं तिकोनी 'फूल' शिवतात. फूल नसेल तर कवंदी पुरी झाली असं धरत नाहीत. त्या फुलाने ऊब वाढत नाही. तरी त्याच्याशिवाय नाही.

तुमच्या वाकळेला कोपऱ्यात काही आहे का?

निळी_शाई

सगळ्यांचं दोनदा वाचलं. सीमेवरचा, कोपरे साधे आहेत. पण तुमच्या प्रश्नाने एक झालं: काल रात्री मी आत्याला फोन लावला आणि सरळ पोपटाचंच विचारलं.

ती म्हणाली, "अगं, तिथं उंदरानं कुरतडलंतं."

मी गप्पच. महिनाभर मी त्या पोपटाला बिनकामाची सुंदर गोष्ट समजत होते. तो ठिगळ निघाला. म्हणून तो मधोमध नाही, कोपऱ्यात नाही. उंदराने जिथे दात लावले तिथे आहे. मी म्हटलं, "मग नुसतं चौकोनी ठिगळ का नाही लावलंस?" तर म्हणाली, "लावलंतं. रात्री घडी घालताना हिरवा चौकोन डोळ्यांना टोचाय लागला. सकाळी उसवला आणि पोपट केला." पुढे म्हणाली, तो खण तिच्या चोळीचा, लग्नातला. त्यातला एवढाच तुकडा उरला होता. आणि तेव्हा दोन म्हशींच्या धारा, सहा माणसांच्या भाकरी, सगळं चालूच होतं. आडवाट, तुझा निरोप मी तिला दिला की रजई घ्यायला पैसे नव्हते म्हणून ही शिवलीस ना. ती म्हणाली, "नव्हतेच. पर पोपटाला पैसं लागत न्हाईत."

आडवाट

तुझ्या आत्याला माझा नमस्कार सांग. चौकोन उसवून पोपट केला, म्हणजे ठिगळाचं काम झाल्यावरही तिने ते पुन्हा हातात घेतलं. ते तिने स्वतःच्या डोळ्यांसाठी केलं, कुणाच्या कौतुकासाठी नाही. एवढं असेल तर मी त्याला कला म्हणायला तयार आहे. आणि नाव शिवायचं ते मात्र विसरू नकोस. तिला विचारून, तिचं हवं तसं.

माटवी

मामाची सुपारी बोटभर सरकवणं आणि आत्याचा चौकोन उसवणं, एकाच जातीचं.

चुलीपाशी

आणि दुसरा प्रश्न? शिवणार की ठेवणार?

निळी_शाई

तेही विचारलं. मी म्हटलं, माझे टाके मोठे पडतील, तुझ्या टाक्यांशेजारी बरे दिसणार नाहीत, म्हणून तशीच ठेवू का. तर रागावलीच. "थंडीत काय भिंतीला पांघरणार हाईस?" मग पंधरा मिनिटं नुसत्या सूचना. दोरा हातभराहून लांब घ्यायचा नाही, गुंता होतो. दोऱ्याला मेण लावून घ्यायचं. गंजलेली सुई ओढायची नाही, कापड फाटेल. आधी थेंबभर तेल सोडायचं. गाठ वर दिसू द्यायची नाही, थरात लपवायची.

आज सुट्टी होती. तेल सोडलं, सुई निघाली. तांबडा ठिपका राहिला, तो धुऊन काढणार नाही. नवी सुई, मेण लावलेला दोरा. दुपारपासून दोन बाजू झाल्या. माझे वीतभरात १५ टाके बसतात. मोजले, अजून ११ फेरे बाकी आहेत.

रात्रपाळी

मेण कुठलं लावलंत? मुलगा पडला आणि त्याचा सदरा कोपरात फाटलाय. पट्टीवर होडी काढते, ती शिवता येते का बघेन म्हणते.

निळी_शाई

देवघरातल्या मेणबत्तीचंच. दोरा तिच्यावरून दोनदा ओढायचा आणि मग बोटांच्या चिमटीतून. होडीला शीड आधी शिवा, खालचा भाग नंतर, म्हणजे फाटलेली जागा झाकली जाईल. हे आत्याला विचारूनच लिहितेय, फोन चालूच आहे.